आबांचा कडू घास

आमच्या घरात टेन्शन आलं की प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मी भांडते. समोर कोण आहे, त्याचा काही दोष आहे का, हे बघायला मी थांबत नाही. आमच्या ह्यांना झोप येते. हसू नका, खरंच येते. लग्नात हार घालायच्या आधी ह्यांना पेंग आली होती, हे ह्यांच्या बहिणीनंच मला सांगितलं. सासूबाई अशा वेळी चुलीपुढं जाऊन बसतात आणि काहीतरी रांधायला घेतात. माझी लेक आता कॉलेजात हेच शिकते. ती म्हणते, आई, ताण आला की प्रत्येकाचं शरीर वेगवेगळं वागतं. मी म्हटलं, बाई, त्याला पुस्तक कशाला, बापाकडं बघ की.

आणि शिरूरला माझे वडील, आबा. ते टेन्शन आलं की थापा मारायचे.

आबा एसटीत ड्रायव्हर होते, शिरूर डेपोला. मी शाळेत होते तेव्हा पाबळचा माझा मामा वारला. निरोप डेपोत आला. आबांनी घरी येऊन आईला सांगितलं, "तुझ्या भावाला जरा ताप हाय, बघून येऊ." पाबळपर्यंत आबांनी आईला नुसतं हसवत नेलं. कुणाची म्हैस एसटीच्या आडवी बसली, कुठला कंडक्टर बायकोला विसरून गाडी घेऊन गेला, एकेक गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र त्यांनी आईचा दंड धरला आणि म्हणाले, "आता मन घट्ट कर." आईनं तिथंच बसकण मारली.

पुढं मी एकदा आबांना विचारलं, तुम्ही असं का केलं? ते म्हणाले, "वाईट बातमी रस्त्यात सांगू नये पोरी. घर दिसल्यावर सांगावी. रस्त्यात सांगितली तर माणूस पोचत न्हाई."

हे एकट्या आबांचं नव्हतं. आमच्याकडं सगळीकडं हीच रीत होती. कुणी गेलं की फोनवर 'गेले' म्हणायचं नाही. 'तब्येत बरी न्हाई, निघून या' एवढंच सांगायचं. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही कळलेलं असतं, तरी दोघं तब्येतीवरच बोलतात. माझं लग्न होऊन मी दौंडला आले, ह्यांच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. त्यानंतर आई गेली, तेव्हाही आबांचा असाच निरोप आला होता. आईला बरं न्हाई, ये. मी भाबडी, आईला आवडतात म्हणून वाटेत पेरू घेतले. ते पेरू मी कधीच विसरणार नाही.

तर ही गोष्ट त्यानंतरची आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडं फोन नव्हता. क्वार्टरसमोर पिठाची गिरणी होती, तिथला नंबर आम्ही माहेरी देऊन ठेवला होता. गिरणीवाले मामा मोठे कामाचे. फोन आला तरी पट्टा थांबवायचे नाहीत, कुणातरी गिऱ्हाइकाला पाठवायचे, 'जा, बाईला बोलवून आण.'

त्या सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गिरणीचा आवाज एकदम बंद झाला. लाइट गेली म्हणावं तर आतला पंखा फिरत होता. बघते तर मामा स्वतः जिना चढून येतायत, भुवयांवर पीठ, हात धोतराला पुसत. मी हातातला पिळा तसाच बादलीत टाकला.

"शिरूरवरून तुमच्या भावाचा फोन होता," मामा म्हणाले. "आबांची तब्येत बरी न्हाई म्हणाला. निघून या."

"अजून काय म्हणाला?"

"काय न्हाई. समद्यांनी या म्हणाला."

समद्यांनी! मी तशीच ओल्या हातानं गिरणीत गेले. भावाकडं फोन नव्हता, त्यानं कुठल्यातरी बूथवरून केला असणार. माहेरच्या शेजारी एक काकू राहायच्या, त्यांच्याकडं होता. तिथं लावला. म्हटलं, "काकू, आबांना काय झालंय? खरं सांगा."

काकू क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "काळजी करू नगंस. तू ये गं बाई आधी."

संपलं. माझ्या आईच्या वेळी ह्याच काकू, ह्याच फोनवर, हेच बोलल्या होत्या. मला वाटलं, तो रिसीव्हर गिरणीच्या जात्यात घालावा. अहो, काय उपयोग त्या फोनचा! आबा जिवंत असते तरी काकू हेच म्हणाल्या असत्या आणि नसते तरी हेच. खरं कळायला शिरूर गाठण्यावाचून इलाज नव्हता.

घरी आले तर हे ड्युटीवरून येऊन बसलेले. मी सांगितलं. ह्यांनी नुसतं "बरं" म्हटलं, आणि बघता बघता डोळे मिटायला लागले. मी ओरडले, "अहो, माझा बाप तिकडं..." पुढचा शब्द तोंडातून निघेना. हे दचकून उठले आणि शर्ट उलटा घालायला लागले.

सासूबाई उठल्या. त्या आत गेल्या आणि मला भाकरी थापल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन बघितलं. परातीत पीठ, गॅसवर कढई, कढईत पिठलं. आमच्यात ज्या घरी मयत होते तिथं चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी भाकरी आणि पिठलं न्यायचं, त्याला कडू घास म्हणतात. सासूबाई आबांचा कडू घास रांधत होत्या. मला तो वास सहन होईना.

"आत्या, आबा आजारी हायेत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"व्हय गं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आजारी माणसाच्या घरीबी करायला कुणी नसतं. घिऊन जा. आन् तू दोन घास खाऊन निघ, तिथं गेल्यावर कोण इचारणार न्हाई." त्यांनी पिठल्यात मीठ टाकलं, जरा वेळानं विसरून परत टाकलं. मी बघत होते, पण बोलले नाही.

मग साडीचा प्रश्न. आमच्याकडं मयतीला पांढरी साडी नेसतात. पांढरी नेसून निघाले तर मी माझ्या हातानं आबांना मारलं, असं मला वाटत होतं. रंगीत नेसून गेले आणि दारात माणसं बसलेली असली तर? मेल्या बापाला बघायला पोपटी साडी नेसून आली, असं जन्मभर ऐकावं लागलं असतं. कपाट उघडून मी नुसती उभी राहिले. शेवटी पोपटीच नेसले आणि पांढरी घडी करून पिशवीच्या तळाशी ठेवली. वर टॉवेल टाकला. त्याच्यावर भाकरीचं फडकं आणि पिठल्याचा डबा. पोरांना सासूबाईंकडं ठेवलं आणि आम्ही दोघं निघालो.

दौंडवरून शिरूरची गाडी नुकतीच गेलेली. म्हणून पुण्याच्या गाडीनं चौफुल्याला उतरून तिथं दुसरी धरायची ठरली. चौफुल्याच्या फाट्यावर उभं राहिलो. सोलापूर रोडचे ट्रक धडाधड जातायत आणि आपली गाडी येत नाही. मी तिथं बसची वाट बघणाऱ्या एका भल्या माणसाशी भांडले. तो म्हणाला, "येईल हो ताई, निवांत राहा." निवांत! मी म्हटलं, "तुमचं कोण गेलंय का? मग गप बसा." तो बिचारा दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी काय बोलले ते बोलल्यावर माझ्या ध्यानात आलं. 'गेलंय' म्हणाले होते मी.

गाडी आली. खिडकीजवळ जागा मिळाली. हे बसले आणि पारगाव यायच्या आधी घोरायला लागले. माझ्या खांद्यावर ह्यांचं डोकं, मांडीवर ती पिशवी. पिशवी गरम लागत होती. पुढच्या बाकावर एक बाई शेवंतीची पाटी घेऊन बसलेली, बाजाराला निघाली असणार. फुलांचा वास आला आणि मला हार दिसायला लागले. मी म्हटलं, "ए बाई, ती पाटी पलीकडं घे. मला वास सहन होत न्हाई." ती म्हणाली, "फुलांचा वास कुणाला नकोसा होतो व्हय?" मी म्हटलं, "मला होतो!" अख्खी गाडी वळून बघायला लागली. हे तेवढ्यातही जागे झाले नाहीत.

मी मनाशी हिशेब करत होते. भाऊ फोनवर रडत होता का, हे मामांना विचारायचं राहिलं. रडत असता तर मामांनी सांगितलं असतं. पण रडत नव्हता म्हणजे काय? आई गेली तेव्हा आबाही फोनवर रडले नव्हते. काकू आधी गप्प का झाल्या? काळजी करू नको म्हणाल्या, म्हणजे बरे आहेत. पण तू ये आधी, असं का म्हणाल्या? एकदा वाटे आबा आहेत. लगेच वाटे नाहीत. नुसती ये-जा चाललेली. आपला बाप जिवंत आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही, ह्यासारखी वाईट अवस्था नाही, असं मला तेव्हा वाटत होतं.

न्हावऱ्याला एक माणूस चढला. आबांचा जुना कंडक्टर, आमच्याच गल्लीतला. मला बघून त्यानं हात जोडले, "जयभीम" म्हणायला ओठ हलवले, आवाज काही निघाला नाही. माझ्याकडं एकदा बघितलं, मान हलवली आणि पुढं जाऊन खिडकीकडं तोंड करून बसला. एरवी हा माणूस इतका बडबड्या की प्रवासी मधेच उतरून जावेत. मी समजले. ह्याला माहीत आहे. ह्याला सांगवत नाही. मी ह्यांना गदागदा हलवलं, "अहो, आबा गेले." हे म्हणाले, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "कुणी न्हाई सांगितलं, म्हणून तर!" ह्यांनी माझा हात हातात घेतला. आणि पुन्हा झोपले. त्यांचा हात मात्र बर्फासारखा गार होता. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की ही झोप काही सुखाची नाही.

शिरूर स्टँडला उतरलो. कुणी घ्यायला आलेलं नव्हतं. रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचं?"

साधा प्रश्न. पण माझी जीभ उचलेना. आबा जिवंत असले तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरच्या दवाखान्यात असणार. नसले तर घरी आणलेलं असणार. हे हळूच म्हणाले, "घरी चला." ह्यांनीही आबांना मारलं होतं तर! मी असली किंचाळले, "दवाखान्यात! दवाखान्यात घ्या!" रिक्षावाल्यानं ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी मान हलवली.

दवाखान्याच्या पायरीवर माझा धाकटा भाऊ बसला होता. मान खाली. आणि मांडीवर आबांच्या चपला.

मी जो टाहो फोडला, तो बाजारपेठेत गेला असेल. पिशवी खाली पडली. "आबा! कसे वो गेला मला टाकून!" मी पायरीवर डोकं आपटायला लागले. भाऊ घाबरून उभा राहिला, चपला हातात तशाच. "आक्का, आक्का, अगं काय झालं? दाजी, काय झालं हिला? कोण गेलं?"

वरच्या खिडकीतून आवाज आला. खरखरीत, चिडलेला, साऱ्या डेपोला ओळखीचा आवाज.

"आरं, कोण मेलंय? आन् मला कसं कुणी सांगितलं न्हाई?"

मी वर बघितलं. आबा. हाताला सलाईनची नळी, अंगात बंडी, खिडकीचे गज धरून उभे. मागून नर्स त्यांना ओढत होती.

त्यांच्या छातीत सकाळी कळ आली होती. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलवून घ्या, दोन दिवस ठेवू. भावानं फोन केला आणि जे खरं होतं तेच सांगितलं. तब्येत बरी नाही, या. चपला नर्स आत नेऊ देत नव्हती आणि बाहेर ठेवल्या तर चोरीला जातात, म्हणून तो मांडीवर घेऊन बसला होता. मी आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मग त्याच्या गळ्यात पडले. आणि तो कंडक्टर? त्यानं न्हावऱ्यात दाढ काढून घेतली होती, तोंडात कापसाचा बोळा होता. मेल्या, तेवढं तरी खुणेनं सांगायचं!

वर गेले तर आबा खाटेवर बसलेले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पिशवीकडं. ड्रायव्हरचं नाक, लगेच कळलं. "पिठलं हाय का गं त्यात?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी फडकं सोडलं. भाकरी बघितली, डबा उघडला. मग टॉवेल बाजूला सारला, कशाला सारला कोण जाणे, आणि खालची पांढरी साडी त्यांना दिसली. मी खाली बघत होते. ह्यांनी ऐन वेळी जांभई दिली.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला.

"खारट झालंय," ते म्हणाले. "तुझ्या सासूला सांग, माझ्या मयतीला तरी मीठ बेतानं टाक म्हणावं. बीपीवाला माणूस हाय मी."

भाऊ पहिल्यांदा हसला. मग हे हसले. मी हसता हसता रडायला लागले ते थांबेचना. नर्स ओरडत आली तोवर आबांनी अर्धी भाकरी संपवली होती. आपला कडू घास स्वतः खाल्लेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आम्ही निघताना त्यांनी भावाला जवळ बोलावलं. चेहरा गंभीर. म्हणाले, "हे बघ. मीच शिकवलं व्हतं, रस्त्यात सांगू नये. चुकीचं व्हतं ते. ही पोरगी दौंडपासनं मला मारत आली. माझ्याबाबतीत इथून पुढं फसवाफसवी न्हाई. जे असंल ते फोनवर सरळ सांगायचं. कबूल?"

"कबूल," भाऊ म्हणाला.

आबा बरे होऊन घरी आले. पण फोनची माझी भीती काही गेली नाही. पुढं आमच्या घरी फोन आला, मग मोबाइल आले, घंटी वाजली की माझ्या हातातलं भांडं सुटायचं. भावानं त्यावर स्वतःच एक उपाय काढला. तो हॅलो म्हणायचाच नाही. मी फोन उचलला की पहिलं वाक्य, "आक्का, समदं बरं हाय." मग बाकीचं. कांद्याचा भाव असो, पोरीचं लग्न असो, आधी 'समदं बरं हाय'. आबाही मागून ओरडायचे, "हाय अजून! घाबरू नगंस!" मला सवय लागली. तेवढं ऐकलं की मी श्वास सोडायची.

आणि मग एका सकाळी मोबाइल वाजला. मी तांदूळ निवडत होते. भावाचाच नंबर. उचलला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, "आधी ते म्हण."

मी तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"म्हण की रे! समदं बरं हाय म्हण!"

"आक्का," तो म्हणाला, "आबा गेले."

त्यानं शब्द पाळला होता. आबांनी सांगितलं तसंच, सरळ, फोनवर. आणि मी त्याच्यावर खेकसले, "आरं, असं कुणी फोनवर सांगतं व्हय? तब्येत बरी न्हाई म्हणायला काय झालं होतं तुला?" तो रडत होता. मी फोन ठेवून दिला.

ह्या वेळी पिठलं मीच केलं. सासूबाई आता थकल्या होत्या, त्या नुसत्या शेजारी बसून म्हणत होत्या, "मीठ बेतानं टाक गं." पांढरी साडी मी घरूनच नेसले. तोच रस्ता, चौफुला, पारगाव, न्हावरा. काही हिशेब करायचा नव्हता. कुणाशी भांडावंसं वाटत नव्हतं. मागच्या वेळच्या त्या धाकधुकीत आबा अर्धे तरी जिवंत होते, आता तेवढेही नव्हते. आणि आमचे हे शिरूर येईपर्यंत टक्क जागे होते.

स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "घरी."

सगळं आटोपून माणसं पांगली. भावजयीनं ताटं घेतली, मी आणलेल्या भाकरी मोडून वाढल्या, पिठलं वाढलं. सगळे खाली मान घालून खायला लागले. तोवर मी एक टिपूस गाळलं नव्हतं. बाया कुजबुजत होत्या, हिला धक्का बसलाय म्हणून.

भावानं पहिला घास घेतला. थांबला. माझ्याकडं बघितलं. मग उठला, आत गेला, आणि मिठाचा डबा आणून माझ्या ताटाशी ठेवला.

मी मीठ टाकायलाच विसरले होते. आणि ते सांगायला आबा नव्हते. मी तो डबा पोटाशी धरला आणि रडले.